दिनूभाऊंचं तिसरं कडवं

प्रिय दिनूभाऊ,

तुम्हाला जाऊन सहा महिने होत आले. तेव्हा दोन ओळी लिहिल्या नाहीत, आणि आज बसलेय तेही तुमची फार आठवण आली म्हणून नाही. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? माझ्यासमोर एक छापील कागद पडलाय, तो तपासून सोमवारी परत द्यायचाय, म्हणून लिहितेय.

एक तरुण प्राध्यापिका आपल्या जिल्ह्यातली भुलाबाईची गाणी गोळा करून पुस्तक काढतेय. कोजागिरीला ती इथे उमरखेडला माझ्याकडे आली होती. मोबाइल समोर ठेवून बसली आणि मी एकामागून एक अकरा गाणी म्हटली. दहा खरंच जुनी होती. अकरावं तुमचं.

कागदावर ते आता असं दिसतं:

घंटी मारा, मास्तर, गाडी जरा थांबू द्या,
आईच्या गावचं वारं खिडकीतून येऊ द्या.

पुढे दुसरं कडवं. आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात एकच शब्द: पारंपरिक.

त्या पोरीची चूक नाही हो! तिनं मला विचारलं होतं. "आजी, ह्या गाण्यात एसटी आहे, कंडक्टर आहे. म्हणजे फार जुनं नसेल. कोणाचं आहे?" एवढा सरळ प्रश्न. आणि मी काय म्हणाले? "जुनंच आहे. माहेराकडून आलं." तुमचं तेरावं होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

मी दमलेय, दिनूभाऊ. गुडघे दुखतात, डोळ्यांत दिवसातून तीनदा औषध टाकावं लागतं, ते सगळं आहेच. पण खरी दमले ती या 'जुनंच आहे'नं. चाळीसच्या वर वर्षं हेच एक वाक्य म्हणतेय.

घाटंजीत पियानो नव्हता. तुम्ही तो जन्मात एकदाच पाहिला होता, नागपूरला कुठल्याशा शाळेच्या हॉलमध्ये, तोही कुलूप लावलेला. तेव्हापासून तुमच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. शेवटी एका बंद पडलेल्या बँडवाल्याकडून जुनं अकॉर्डियन उचलून आणलंत. "उजव्या हाताले पियानोच आहे ना वो," तुम्ही म्हणायचात, "डाव्याले समजावून घेऊ!" आठवडाभर तहसिलीत बारनिशीच्या टेबलावर आलेलं टपाल, गेलेलं टपाल, आणि रविवारी दुपारी जिनिंगच्या रिकाम्या गोदामात ऑर्केस्ट्राची तालीम. सरकीच्या वासानं शिंका यायच्या. तुम्ही शिंकसुद्धा तालात द्यायचात.

त्या अकॉर्डियनची एक पट्टी मुकी होती. आपल्या सुरात तिथे नेमका गंधार यायचा. दुसऱ्या कोणी दुरुस्ती शोधली असती. तुम्ही गंधार टाळून चाली बांधल्यात! म्हणून तुमची चाल रिषभावरून टुणकन मध्यमावर जायची, खड्डा चुकवून गाडी जाते तशी. मी विचारलं होतं, दुरुस्त का करत नाही? तर म्हणे, "जाऊ दे ना. सगळेच सूर वाजले तं मले काम काय राह्यलं?"

किती वेगळी गाणी होती तुमची! चंद्र, चांदणं आणि गुलाब या तिन्ही शब्दांना तुमच्या वहीत बंदी. बाजारात हरवलेल्या छत्रीवर गाणं. टुरिंग टॉकीजच्या खिडकीवर भांडणाऱ्या नवरा-बायकोवर गाणं. तहसिलीत दाखल्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या आणि रांगेतच सोयरीक जमवून टाकलेल्या दोन म्हाताऱ्यांवर गाणं. आज कोणी असं लिहिलं तर लोक डोक्यावर घेतील. तेव्हा मात्र लोकांना ऑर्केस्ट्राकडून सिनेमातलीच गाणी हवी असायची. तुम्ही आपली दोन-तीन मध्ये घुसडायचात, आणि तुमचं अकॉर्डियन सुरू झालं की माणसं सरळ उठायची. "चला बे, च्याची गाणी लागली, च्या पिऊन येऊ." चहाची गाणी हेच नाव पडलं त्यांना. तुम्ही हसायचात. घरी शालूवहिनी मात्र चिडायच्या, आणि मला वाटतं तुम्हालाही लागत असणार. मी कधी विचारलं नाही.

आमचे बाबा कोर्टात नाझर, कारकुनांवरचे साहेब. नाझराची मुलगी ऑर्केस्ट्रात गाते म्हणजे झालंच! मी घरून निघायचे ते शालूवहिनींकडे शिवण शिकायला म्हणून. एका सदऱ्याची बाही मी दोन वर्षं शिवत होते. कार्यक्रम घाटंजीबाहेर असेल तरच मी गायचे. एकदा ढाणकीला कार्यक्रम होता; ते गाव वहिनींचं माहेर, तेव्हा त्यांच्यासोबत जायला बाबांची हरकत नव्हती. तिथे तुम्ही मला स्टेजवर उभंच केलं नाहीत. पडद्यामागे माईक लावलात आणि पुकारलंत, "आता गातील कुमारी नंदा!" मी 'घंटी मारा' सुरू केलं आणि पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "रेकॉर्ड लावली बे!" तुम्ही वाजवता वाजवता इतके हसलात, की अकॉर्डियनचा भाताच थांबला आणि मी दोन ओळी तशीच एकटी गायले.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते. पडद्यामागे उभं राहायचा मला रागच यायचा. आज कळतं, तुम्ही माझं नाव सांभाळत होतात.

लग्न होऊन उमरखेडला आले. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाक करताना गुणगुणले तर सासूबाई दारात. "आवाज गोड आहे तुह्या. पण आपल्या घरच्या बाया देवापुढंच गातात बरं." ओरडल्या नाहीत, अगदी मायेनं म्हणाल्या. मी ऑर्केस्ट्रा, पडदा, कुमारी नंदा, सगळं त्या दिवशी मनात बांधून ठेवलं. यांनाही कधी सांगितलं नाही. नवरा चांगला होता माझा. सांगितलं असतं तर कदाचित हसला असता. पण सांगितलं नाही.

मग भाद्रपदात गल्लीतल्या पोरींनी भुलाबाई मांडली. रोज तीच तीच गाणी. एक म्हणाली, "काकू, नवीन काही येते का तुम्हाले?" भुलाबाई म्हणजे देवच ना? देवापुढे गायला हरकत नव्हती! मी त्यांना 'घंटी मारा' शिकवलं. तिसरं कडवं सोडून. पोरींनी विचारलं, कोणाचं आहे हो? तिथे पहिल्यांदा म्हटलं, "जुनं आहे. आमच्या माहेरचं."

एवढंच केलं मी, दिनूभाऊ. पुढचं पोरींनी केलं. त्या लग्न होऊन गावोगावी गेल्या आणि गाणं सोबत घेऊन गेल्या. जे गाणं लागलं की लोक चहाला उठायचे, त्याच्यावर आता बाया फेर धरतात. काहींनी स्वतःची कडवी जोडली. पण गंधार कोणीच लावत नाही! सगळ्या त्या जागी टुणकन उडी मारतात. त्या प्राध्यापिकेनंही नेमकं तेच विचारलं, इथे सूर असा का उडतो म्हणून. मी म्हटलं, जुन्या गाण्यांचं असंच असतं.

आणि ऐका, याच गाण्यासाठी महिला मंडळानं मला शाल-श्रीफळ दिलं. जुनी गाणी जपल्याबद्दल! मुलानं तो फोटो फ्रेम करून बैठकीत लावलाय. आल्यागेल्याला दाखवतो. तुम्हाला कधी कोणी शाल पांघरली होती का हो? मला तरी आठवत नाही.

तुम्हाला सगळं माहीत होतं. घाटंजीच्या स्टँडवर आपण भेटलो होतो, मी माहेरून परत निघाले होते. तुम्ही रिटायर झाला होतात, हातात पिशवी, पिशवीत मेथी. म्हणालात, "सुमन, मायं गाणं मायाच दारात आलतं वो! भुलाबाईच्या पोरी आल्या अन् म्हणून राह्यल्या. मलेच विचारते एक, काका, येते का हे गाणं तुम्हाले?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हटलं, नाही येत बाप्पा. शिकवा. अर्धा तास शिकवलं पोरींनी."

तुम्ही हसत होतात. खरंच हसत होतात की मला सोडवत होतात? मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझी गाडी लागली. मी चढले. खिडकीशी येऊन तुम्ही एवढंच विचारलंत, "पण थे तिसरं कडवं काहून टाकलं?"

रागावला असतात तर बरं झालं असतं! भांडला असतात, चारचौघांत म्हणाला असतात, गाणं माझं आहे. एवढं कसलं ते शहाणपण? तुमच्या त्या समजूतदारपणानं मला आणखी वीस वर्षं गप्प बसू दिलं. हा राग आहे माझा तुमच्यावर. उगाचचा आहे, पण आहे.

त्या दिवशी उत्तर दिलं नव्हतं, आज देते. पोरी लहान होत्या, रडतील म्हणून टाकलं, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे ते गाताना मलाच रडू आलं असतं आणि सासूबाईंनी विचारलं असतं, एका गाण्यासाठी एवढं काय? तिसऱ्या कडव्यात गाडी थांबतच नाही ना.

घंटी नाही वाजली, मास्तर, गाव मागं राहिलं,
आईनं दारातून नुसतं धुळीकडं पाहिलं.

मागच्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला घाटंजीला आले होते. भाऊ म्हणाला, दिनूभाऊ फार थकलेत. आमचा ऑटो तुमच्या घरावरूनच गेला. तुम्ही ओट्यावर खुर्चीत बसला होतात, उन्हात, अंगावर स्वेटर. थांब म्हणायला मला एक शब्द लागला असता. सोबत मुलगा होता, व्याही होते. हे कोण, तुमची ओळख कशी, असं कोणी विचारलं असतं. मी पदर सावरला आणि पुढे पाहत राहिले. तुम्ही ऑटोकडे पाहिलंत. मला ओळखलंत की नाही, ठाऊक नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही गेल्याचा फोन आला.

तुम्ही माझं नाव लपवलंत ते माझ्यासाठी. आणि मी तुमचं लपवलं, तेही माझ्यासाठीच.

आज दुपारी हा कागद घेऊन बसले होते. सून गच्चीवर तुरी वाळत घालून खाली आली आणि माझ्याकडे बघतच राहिली. "आई, रडून राह्यल्या का?" मी म्हटलं, डोळ्यांत औषध टाकलंय. तिनं बाटलीकडे पाहिलं. बाटलीचं सीलही फोडलेलं नव्हतं, कालची संपली म्हणून मुलानं सकाळीच नवी आणली होती. ती शेजारी बसली आणि कागद वाचला.

कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "हे गाणं जुनं नाही गं."

"मंग कोणाचं आहे?"

पुन्हा तोच प्रश्न! मी म्हटलं, दिनकर महादेव गुल्हाने. घाटंजीचे. अकॉर्डियन वाजवायचे. मी त्यांच्या ऑर्केस्ट्रात गायचे, लग्नाआधी, पडद्यामागून. या घरात तुमचं नाव मी पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं. आता काय म्हणते ही?

ती म्हणाली, "अगबाई, ऑर्केस्ट्रात! मंग लिहा ना त्याईचं नाव. कायले इतका विचार करून राह्यल्या? च्या ठेवू का?"

आणि ती उठली. झालं! एवढंच! ज्या गोष्टीला मी जन्मभर भ्यायले, ती चहाचं आधण ठेवायच्या आत संपली. मला हसू यावं की रडू, तेच कळेना. तुमच्या गाण्याला लोक चहाला उठायचे, ते आजही चुकलं नाही, दिनूभाऊ.

तुम्ही ओट्यावर बसला होतात तेव्हाच हे बोलले असते तर? आता या प्रश्नाला काही अर्थ नाही. तो माझ्यापाशीच राहील.

'पारंपरिक' मी खोडलंय. शाईचं पेन मिळालं नाही, नातवाच्या लाल बॉलपेननं खोडलंय, दोनदा. तिथे तुमचं पूर्ण नाव लिहिलंय, वडिलांच्या नावासकट. तिसरं कडवं समासात लिहिलं, जागा कमी पडली म्हणून मागच्या बाजूला नेलं.

सोमवारी ती पोरगी येईल. तिला बैठकीत बसवीन, त्या शालीच्या फोटोखालीच. मुलाला रजा टाकायला सांगणार आहे, सुनेला हातातलं काम ठेवायला सांगणार आहे. बाहेरच्या खोलीचा पडदा बाजूला करीन आणि तिन्ही कडवी गाईन. गंधारापाशी उडी मारीन आणि ती उडी कुठून आली तेही सांगेन. आवाज आता फाटलाय, तुम्ही मनावर घेऊ नका. आणि गाणं संपेपर्यंत कोणालाही चहाला उठू देणार नाही, हे वचन.

तुमची,
सुमन
(कुमारी नंदा म्हणून तुम्ही जिला पुकारलंत, तीच)