तू अमडापुरात वेचलेला कापूस

माय,

भाषणात मी तुला फार वापरलं. मोताळ्याच्या शेतात वेचणीचा भाव वाढल्याशिवाय कमरेला कापसाची ओटी बांधणार नाही म्हणून बायांना घेऊन दिवसभर बांधावर बसलेली माझी आई, असं म्हटलं की टाळ्या पडतात. पुस्तकं मी पुष्कळ वाचली, पण माझा आवाज चढतो तो तुझ्यामुळे. त्याच हंगामात पुढे काय झालं, ते मात्र एकाही सभेत सांगितलं नाही.

शेतकऱ्याने वेचणाऱ्यांची दुसरी टोळी आणली आणि आपल्या घरातलं पीठ संपलं. आठव्या दिवशी तू टेम्पोत बसून अमडापूरला वेचणीला गेलीस. तिथल्या बायाही भावासाठी बसलेल्या. तू त्यांच्यासमोरून मान खाली घालून, कमी भावात, शेतात शिरलीस. मी दहावीत होतो. "त्यायच्या पोटावर पाय देल्ला तू," मी म्हणालो. तू भाकर थापत होतीस, थांबली नाहीस. "हाव, देल्ला. तुह्या पोटात भाकर हाये म्हणून तुले बोलता येऊन राह्यलं. मले शिव्या देनारीच्या पाठीवर लेकरू होतं. मले दिसलं नसन काय रे?" मग गरम भाकर माझ्या ताटात टाकलीस. मी ती खाल्ली.

यंदा आपल्या गावच्या बाया भावासाठी बसल्या, तर शेतकऱ्यांनी सातपुड्यापलीकडून, मध्य प्रदेशातून टोळी आणली. मी बांधावर उभा राहून असा बोललो की शेतकरी नरमले. भाव दिला, आणि त्या टोळीला निघायला सांगितलं. बोचकं उचलताना त्यांची म्होरकी मला हसत विचारते, "भैया, तुम्हारे गाँव के लड़के कहाँ गये?"

"पुण्याला. कारखान्यात."

"तो वहाँवालों ने भगाया नहीं उनको?"

आपल्याच बायांतली एक मागून खिदळली, "सांगा ना भाऊ, आता काऊन चूप झाले?" माझा मुलगाही तिथेच कंत्राटावर आहे, हे तिला माहीत होतं.

आपल्या बायांची मागणी रास्त होती, आजही म्हणतो. पण दोन्ही टोळ्यांना एकच भाव द्या, हे त्या बांधावर मला सुचायला हवं होतं. गावात वेचणारे हात उरलेत किती? अर्धा कापूस अजून झाडावरच आहे.

दुसऱ्या दिवशी त्या मध्य प्रदेशातल्या बाया खामगावच्या स्टँडवर दिसल्या, बोचक्यांवर बसलेल्या. "परत चला, याच वाढलेल्या भावात," एवढंच म्हणायचं होतं. शेतकऱ्यांशी मी बोललो असतो, आपल्या बायांचीही समजूत काढली असती. गाडीला बराच वेळ होता. ती निघेपर्यंत मी पेपरच्या स्टॉलमागे उभा राहिलो. माय, मला भीती वाटली, माझ्याच भाषणाने हाकललेल्या बायांशी बोलताना ओळखीचं कुणी बघेल याची.