उजव्या कौलाचे कर्जरोखे

पेडणे,
२३ जानेवारी १९९४

प्रिय गोकुळ,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेलं काजूगरांचं खोकं आणि त्याच्याखाली ठेवलेला कागद, दोन्ही मिळाले. काजूगर चांगले आहेत, अर्धे शेजारी वाटले. कागद मात्र मी दोनदा वाचला. ज्याने तो लिहिला त्या पणजीच्या तुझ्या सी.ए.ला माझ्यातर्फे सांग, की आयुष्यभर शाळेत गणित शिकवताना कॉपी करणारी मुलं मी पुष्कळ पाहिली, पण आपल्या कॉपीवर बाईंनीच सही करून द्यावी अशी अपेक्षा धरणारं एकही पाहिलं नाही. तुझी बायको मनीषा उद्या मांद्र्याला परत निघाली आहे, तिच्याच हाती हे पत्र देते. टपालाने आलेली पाकिटं तू उघडत नाहीस, हे आता साऱ्या पेडणे महालाला ठाऊक झालंय.

कागदाचा मतलब माझ्यासारख्या म्हातारीला कळला तो असा. 'गोकुळ सागर हॉटेल्स' या तुझ्या कंपनीला ज्या लोकांनी कर्जरोखे घेऊन पैसे दिले, त्यांनी आता पैसे मागू नयेत, त्याऐवजी कंपनीचे शेअर घ्यावेत. म्हणजे सावकाराने मालक व्हावं. आणि यातच त्यांचं भलं आहे, असं मी, त्या रोखेधारकांची विश्वस्त म्हणून, लिहून द्यावं. वा रे वा! हॉटेल उभं राहत होतं तेव्हा हीच माणसं तुझ्याकडे शेअर मागायला आली होती. तेव्हा तू काय म्हणालास ते मला आठवतं, कारण तू ते माझ्याच बलकांवात, दारापुढच्या ओट्यावर बसून, माझ्याच हातचा चहा पीत म्हणाला होतास. शेअर दिला की भागीदार आला, भागीदार आला की तो हिशेब विचारणार, सभेत हात वर करणार. कर्ज दिलेल्या माणसाला फक्त व्याज द्यायचं, त्याला खुर्ची द्यावी लागत नाही. शिवाय व्याज खर्चात दाखवता येतं, तेवढा कर कमी. तू बोलत होतास आणि मी मनात म्हणत होते, पोरगा हुशार आहे. हुशार होतासच. नफा होईल तेव्हा ते परके आणि बुडेल तेव्हा ते मालक, एवढी हुशारी आपल्या घराण्यात आधी कुणाला नव्हती.

त्या दिवसांत गोवा नुकतं राज्य झालं होतं आणि तू रोज नवा माणूस होत होतास. राजभाषेच्या भांडणात पेडण्याच्या सभेत मराठीसाठी गळा काढलास, पणजीत मंत्र्याच्या घरी कोंकणीचे गोडवे गायलास, आणि कर्जरोख्यांचा कागद छापलास तो इंग्रजीत. दोन्हीकडच्या लोकांना सारखाच न कळणारा. त्यातल्या बारीक अक्षरात काय होतं? हॉटेलची इमारत आणि जमीन बँकेकडे गहाण. मोठं कर्ज बँकेचं, तेव्हा पहिला हात बँकेचा. उरलेल्या पैशासाठी लोकांना कर्जरोखे, आणि त्यांच्या तारणाला आपलं मांद्र्याचं भाट, समुद्राच्या अंगाचं, माडांसकट, आणि त्यावर जे काही बांधकाम होईल त्यासकट. भाट कंपनीच्या नावे करायला माझी सही हवी होती, कारण गोव्यात मुलीचा वाटा मुलाएवढाच असतो. ती सही तू भाऊबिजेला मागितलीस. जगातले भाऊ त्या दिवशी ताटात काहीतरी घालतात, तू ताटातून उचलून नेलंस. मी दिली, कारण द्यायची होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आणि कायद्याला विश्वस्त हवा होता, तेव्हा तू तोही घरातलाच केलास. बाहेरचा विश्वस्त फी घेतो, बहीण फुकट मिळते.

पण खरी कमाल तुझ्या कौलाची. कागद इंग्रजी, कंपनी नवी, लोक घाबरत होते. तेव्हा तू ग्रामदेवीला प्रसाद लावलास. पांडुरंग गुरवाने देवीला पाकळ्या लावल्या, अर्धा गाव हात जोडून उभा, आणि तू विचारलंस, देवी, या गावात हे हॉटेल उभं राहील का? उजवी पाकळी पडली. उजवा कौल, देवीचा होकार! दुसऱ्या दिवसापासून लोकांनी रांग लावली. कोणी गाय विकली, कोणी दागिना मोडला, कोणी बोटीचं नवं इंजिन पुढच्या सालावर ढकललं. देवीनेच जामीन दिला असं ते समजले. बँकेचा मॅनेजर जमिनीचे उतारे नि नकाशे तपासत होता तेव्हा आमचे लोक पाकळ्या तपासत होते. मला त्यांची कीव येते आणि रागही येतो. पण ते काय समजले हे तुला पुरतं ठाऊक होतं, आणि तू त्यांचा गैरसमज दूर करायला तोंड उघडलं नाहीस. हॉटेल उभं राहील का, एवढंच तू देवीला विचारलंस. पैसे परत मिळतील का, हे विचारायची हिंमत तुला झाली नाही.

दत्ताराम तुला आठवत नसेल. तुझ्या माणसांच्या यादीत त्याचं नाव असेल, चेहरा नसेल. तो सावंतवाडीकडचा, शिरगावच्या खाणीवर स्वतःचा ट्रक चालवायचा. पाठ गेली तेव्हा ट्रक विकला आणि ते सगळे पैसे तुझ्या रोख्यांत घातले, व्याजावर घर चालेल म्हणून. पहिली दोन वर्षं व्याज वेळच्या वेळी आलं. दत्ताराम मला पेढे देऊन गेला, म्हणाला, "बाई, बँकेपेक्षा तुमचो भाऊस बरो." तेव्हा मी तुझे हिशेब मागवले आणि पाहिलं, तर हॉटेलात अजून एक पाहुणा उतरला नव्हता. व्याज येत होतं ते नव्या रोख्यांच्या पैशातून. जुन्या लोकांचं व्याज नव्या लोकांनी भरायचं, आणि नवे लोक संपले की? मी तुला विचारलं होतं. तू हसून म्हणालास, आक्का, मोठ्या कंपन्यांत असंच चालतं. मोठ्या कंपन्या कर्ज काढतात ते कारखान्याला, आणि कारखान्याच्या कमाईतून फेडतात, एवढं मलाही कळतं. कर्ज वाईट नसतं, गोकुळ. कर्जाशिवाय कुणाची गिरण उभी राहिली, कुणाची बोट पाण्यात गेली? पण तू कर्ज काढून धंदा केला नाहीस, ऋण काढून सण केलास. उद्घाटनाला मुंबईहून वाद्यवृंद आणलास आणि विहिरीचं पाणी खारं निघालं तर काय करायचं याचा विचार उद्घाटनानंतर केलास.

गेल्या वर्षी व्याज थांबलं. आता दत्ताराम दर महिन्याला बसने पेडण्याला येतो, माझ्या बलकांवात बसतो, पाणी पितो, हवापाण्याचं बोलतो आणि जातो. पैशांचं एक अक्षर काढत नाही. मला वाटतं त्याने शिव्या द्याव्यात. त्याची बायको पार्वती आता इथल्या आठवड्याच्या बाजारात पाव-उंड्यांची टोपली घेऊन बसते. मी तिच्याकडून उंडे घेते, पण तिच्याकडे बघून घेणं मला जमत नाही.

आणि मग तुझी गेल्या सोमवारची सभा. देवळातच घेतलीस, कारण तिथे माणसं आवाज चढवत नाहीत. मागच्या रांगेतल्या एका रापणकार मच्छिमाराने उभं राहून विचारलं, देवीने कौल दिला होता ना, मग आमचे पैसे कुठे गेले? त्यावर तू काय बोललास ते मी या दोन कानांनी ऐकलं. "देवीन हॉटेल उबें रावतलें म्हणून सांगलें. पयशे केन्ना मेळटले तें तुमच्यातल्या कोणें विचारलें?" कुणीतरी हसलंसुद्धा. मी आजवर तुझ्यावर पुष्कळदा रागावले, पण तुझी किळस मला त्या दिवशी पहिल्यांदा आली. त्यावरही समाधान झालं नाही, म्हणून तू पुन्हा प्रसाद लावायला सांगितलास. प्रश्न या वेळी तुझ्या सी.ए.ने घोटून आणलेला, सगळ्यांनी मिळून कंपनीचं मालक व्हावं हे देवीला मान्य आहे का? डावी पाकळी पडली. तू म्हणालास पंख्याचा वारा लागला. पंखा बंद केलास, पुन्हा प्रसाद लावलास, पुन्हा डावी. तेव्हा तू पांडुरंगाला म्हणालास, पाकळ्या शिळ्या आहेत. आणि शेवटी, आपण दुसऱ्या देवळात विचारू! अरे, कर्ज एका बँकेत मिळालं नाही की दुसऱ्या बँकेत जातात, तशी देवळं फिरायची? निदान पांडुरंगाच्या तोंडाकडे तरी बघायचं होतंस. बिचारा तुझ्यापेक्षा जास्त लाजला होता.

आपल्या बाबांची आठवण काढायची नाही असं ठरवलं होतं, पण निघतेच. याच भाटात पाडेली माडावर चढायचा, आणि नारळ खाली आले की बाबा आधी त्याच्या वाट्याचे बाजूला काढायचे. मग कुळांचे. मग देवळाचे. उरलेले बैलगाडीत. तू विचारलं होतंस, आपले शेवटी का? बाबा म्हणाले होते, माड आपला आहे म्हणून. तू तेव्हा लहान होतास, आणि मला वाटलं तुला कळलं. रोखे घेणाऱ्यांना तू शेवटी ठेवलंस. बँकेच्या मागे, कंत्राटदाराच्या मागे, तुझ्या नव्या गाडीच्या मागे. गाडीसुद्धा कंपनीची, नाही का? सगळंच कंपनीचं. हे कंपनीचं, ते कंपनीचं, तुझं स्वतःचं म्हणून फक्त ते मोठं तोंड.

तर तुझ्या कागदावर मी सही करत नाही. आणि देवीलाही काही विचारलं नाही, कारण जे करायचं ते माझ्या विश्वस्तपणाच्या करारात आधीच लिहिलेलं आहे. रोखेधारकांचे पैसे थकले तर विश्वस्ताने तारण विकून ते वसूल करून द्यायचे. तू मला ही जागा दिलीस तेव्हा तुला वाटलं, बहीण आहे, कलम वाचणार नाही. गेल्या वर्षी व्याज थांबलं तेव्हाच मी म्हापशाच्या कोर्टात दावा लावला. त्याचे समन्स तुला तीनदा आले आणि मनीषाने सांगितलं की ते तुझ्या टेबलावर अजून बंदच पडलेत. कोर्टाने भाटाचा ताबा घ्यायला माणूस नेमला आहे, तो या गुरुवारी येईल. भाट विकलं की लोकांचं मुद्दल बहुतेक फिटेल. व्याजाचं मला सांगता येत नाही.

आता हे पत्र मुळात का लिहिलं, ते. वकील म्हणाले, बाई, विश्वस्ताला घरच्या पत्राची गरज नाही, नोटीस पुरे. पण नोटिशीत एक गोष्ट लिहिता येत नाही. भाटातला तुझा बंगला तू कर वाचवायला कंपनीचं अतिथिगृह म्हणून दाखवलास. म्हणजे तो तुझा नाही. तो 'भाटावरचं बांधकाम' आहे, आणि भाटाबरोबर तोही जाणार. मनीषाला हे आज मी सांगितलं, ती बराच वेळ रडली, आणि मग भांडी कुठली न्यायची ते विचारू लागली. बायको तुझ्यापेक्षा शहाणी आहे. माझ्याकडची मागची खोली मी झाडून घेतली आहे, पलंग दोन आहेत, तुमच्या लेकीला, सिद्धीला, अभ्यासाला खिडकीजवळचं टेबल ठेवलंय. बुधवारपर्यंत या. भाडं नको, माफी नको, समजूत तर मुळीच घालू नकोस. एकच अट आहे. विक्री पुरी होईपर्यंत दत्ताराम येत राहील, बाकीचेही येतील. मी माझ्या खोलीत असेन. दार तू उघडायचंस.

तुझीच,
पद्माक्का