ओल्या गोणपाटाखालचं मडकं

२६ मार्च
आई जाऊन आज एकवीस दिवस. अंगणवाडीतून दुपारी आले तर नाना थापटणं मांडीवर घेऊन नुसते बसलेले. चार वर्षांपूर्वी लकवा मारला, डावा हात गेला. चाकावरचं चुलतभाऊ बघतो. थापटणं मात्र नानांचंच. आत हात घालून दगड धरायचा आईनं, बाहेरून लाकडी थापटणं मारायचं नानांनी. एका कुंभाराचं काम, आमच्यात दोघांचं झालेलं. भांडायचेही मडकं मध्ये ठेवूनच.

२८ मार्च
म्हटलं, दगड मी धरते. पहिल्याच मडक्यात दोन बोटं सडकली. नाना म्हणाले, "तुजा हात कळंना मला."
"बघून मारा की."
"बघून कोन मारतंय? तुज्या आईच्या बांगड्या वाजायच्या आत. तितं मारायचो."
माझं मनगट सहा वर्षं रिकामं. हे वारले आणि मी माहेरी वडवणीला आले, तेव्हापासून. मडकं तसंच राहिलं.

३१ मार्च
आत्या भेटायला येणार म्हणून घर झाडलं. पडवीच्या कोपऱ्यात ओलं गोणपाट, कुबट वास. भिंतीवर उन्हात टाकलं. खाली आणखी एक अर्धवट थापटलेलं कच्चं मडकं होतं. आत्या आली, रडली, संध्याकाळच्या गाडीनं बीडला गेली.

१ एप्रिल
मडक्याला गळ्यापासून पोटापर्यंत तडा. नाना त्याच्यापुढं बसून होते.
"तुज्या आईचा हात हाय त्याच्यात, बाई. शेवटचा."
हेच थापटताना तिच्या छातीत कळ आली होती. नाना रोज पहाटे गोणपाट भिजवत होते, ते वाळू नये म्हणून. मला बोलले नाहीत, मी विचारलं नाही. आत गळ्याशी तिच्या अंगठ्याची खूण अजून आहे.
कुंभाराची लेक, आणि ओलं गोणपाट वाळत घातलं! ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "चहा टाक."

३ एप्रिल
वरणात मी मीठ विसरले, नाना तसंच जेवले. अक्षय तृतीया जवळ आली, लोक करा-केळीची, पितरांच्या नावानं भरायची लहान-मोठी मडकी सांगून जातात. यंदा आईच्याही नावानं मडकं भरायचं. भीत भीत म्हटलं, बाजारातून आणू का?
"कुंभाराच्या बायकोला इकतचं मडकं?"
मी भांडी घासत बसले, घासलेलीच.

५ एप्रिल
सकाळी नानांनी स्वतः थापटण्यानं ते मडकं फोडलं. तीन दणक्यांत. मी ओरडले.
"कच्चं हाय. भिजतंय परत. माती कुटं जाती?"
घमेल्यात पाणी ओतलं. अंगठ्याच्या खुणेचा तुकडा मी पदराखाली धरलेला. त्यांनी बघितलं.
"समदं टाक."
टाकला. विरघळेपर्यंत मी तिथंच बसून राहिले. अंगणवाडीला उशीर, बाईंची बोलणी खाल्ली. खूप रडले आज.

७ एप्रिल
माती मऊ झाली. नाना एका हातानं मळत होते. म्हणाले, "परवा थापटू. आकितीला तिचं मडकं ह्याच मातीचं. तू हात घाल आत."
"परत बोटं मोडाल."
"बांगड्या भरून ये."
मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, "नाना, लोक काय म्हणतील?"
"लोकं माती तुडवाया येतेत का?"
ते मळत राहिले.
उद्या बाजार. कासारीण मला ओळखते, आईच्या बांगड्या मीच आणायचे तिच्याकडून. हात पुढं केला तर माप विचारील. आईचं अडीच, तोंडपाठ.
माझं आठवत नाही.