भेगा बुजवलेला ग्रह

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि तुमच्याशी भांडायचं राहूनच गेलं. ते आज भांडते. तुम्ही समोर असता तर भांडता आलं नसतं हेही खरं. चष्म्यावरून नुसतं पाहिलं असतंत तरी माझी जीभ टाळ्याला चिकटली असती. आता मीही तुमच्यासारखीच बाई झाले आहे. इथे अकोल्यात मॅडम म्हणतात, एवढाच फरक. सातवीला मराठी शिकवते. गेल्या आठवड्यात जे झालं त्यानं माझं डोकं फिरलं आहे, आणि त्याचं मूळ अमरावतीला तुमच्या वर्गात आहे, असं माझं ठाम मत आहे.

सातवीत तुम्ही आम्हाला सारांश लिहायला बंदी केली होती. म्हणालात, सारांश वाचून वाचून मला वीट आलाय. ज्यात न घडणाऱ्या गोष्टी घडतात असं एक पुस्तक वाचा आणि त्या जगातली एक वस्तू करून आणा. वस्तू बघून मला पुस्तक कळलं पाहिजे. आमच्याशी असं त्याआधी कोणी बोललंच नव्हतं. तुमच्या पुस्तकांच्या पेटीतून मला एक मुखपृष्ठ फाटलेलं पुस्तक मिळालं. एका ग्रहावरचं पाणी आटतं, समुद्राचा तळ तडकतो आणि उरलीसुरली माणसं ओलाव्याच्या मागे मागे त्या भेगांत उतरून राहू लागतात. त्यांची मुलं तिथेच जन्मतात आणि आभाळ म्हणजे डोक्यावरची एक बारीक रेघ, असं समजतात. मी ते दोनदा वाचलं. भेगा मला माहीत होत्या, बाई. चांदूर रेल्वेकडे आमचं वावर आहे. उन्हाळ्यात तिथल्या जमिनीत माझा हात कोपरापर्यंत जायचा आणि आत विंचू असतात म्हणून आई ओरडायची.

म्हणून मी वावरातलीच माती आणवली. काळ्या मातीची वस्तू करू नये, वाळली की तडकते, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ती तडकायलाच हवी होती. टरबुजाएवढा गोळा करून मी गच्चीवर उन्हात ठेवला आणि रोज शाळेतून आल्यावर दप्तर न उतरवता आधी त्याच्याकडे धावले. चौथ्या दिवशी पहिली भेग पडली तेव्हा मी गच्चीवर एकटीच नाचले. मग भेगांच्या कडांना काडेपेटीच्या काड्यांच्या शिड्या लावल्या आणि आत, अगदी तळाशी, मोहरीचे दाणे चिकटवले. ते दाणे म्हणजे माणसं. एका दाण्याला मी इतरांपासून जरा दूर ठेवलं होतं, कारण पुस्तकातली एक म्हातारी कोणाशी बोलत नसे.

शनिवारी मी तो ग्रह तुमच्या टेबलावर ठेवते. प्रदर्शन सोमवारी, बाहेरचे पाहुणे येणार, तुम्ही गडबडीत. मान वर न करता ठेव म्हणता. सोमवारी मी हॉलमध्ये जाते, तर माझ्या नावाच्या चिठ्ठीमागे एक गुळगुळीत निळा गोळा. शिड्या उपटलेल्या, भेगा प्लास्टरनं लिंपलेल्या, वर ऑइलपेंट, हिरवे खंड, पांढरे ढग, आणि खाली तुमच्या मोत्यासारख्या अक्षरात पाटी: आपली वसुंधरा. तुम्ही जवळ आलात. तुमच्या नखांत निळा रंग होता. म्हणजे सगळा रविवार तुम्ही माझ्यासाठी घालवला होता. माझ्या डोक्यावर हात ठेवलात.

"अगं, तुझा ग्रह तडकला होता. मी बुजवून दिला. आता बघ कसा दिसतो."

मी थँक्यू म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? पण बाई, माझी माणसं आत होती. ती म्हातारीही आत होती. आणि पुस्तक तुमच्याच पेटीतलं होतं, तुम्ही ते वाचलेलं असणार, नसेल वाचलं तर पेटीत ठेवलंत कशाला? वस्तू बघून पुस्तक कळलं पाहिजे म्हणणाऱ्या तुम्हीच. एवढंच विचारायचं होतंत ना की हे काय आहे गं? चार शब्द. तेवढ्याला तुम्हाला फुरसत नव्हती आणि रंगवायला अख्खा रविवार होता. वाईट माणसानं केलं असतं तर मी केव्हाच विसरले असते. तुम्ही मायेनं केलंत, म्हणून ते इतक्या वर्षांनीही विसरता येत नाही. त्या गोळ्याला पहिला नंबर मिळाला. मी कप घेऊन घरी गेले आणि कोपऱ्यात जाऊन बसले. आई म्हणाली, "पयला नंबर आला न व, मंग तोंड पाडून काहून बसली?"

नोकरीला लागले तेव्हा मनाशी एक नियम केला. मुलाच्या वस्तूला शिक्षिकेनं हात लावायचा नाही. तुमचा तो उपक्रम मी दरवर्षी देते, तुमचं नाव न सांगता देते, आणि हा नियम पाळते. सोपं नाही हो. आमच्या शाळेच्या कोपऱ्यावर एक दुकान आहे, 'प्रोजेक्ट तयार मिळतील' अशी पाटी लावलेलं. थर्माकोलचा राजवाडा, थर्माकोलचं यान, आत दिवे लागणारा परग्रह. पुस्तकाचं नाव सांगायची गरज नाही. राजवाडा सगळ्या गोष्टींना चालतो. आईवडील सांगून ठेवतात, शाळेच्या आधी उचलून आणतात आणि पोरगं ते माझ्या टेबलावर अशा बेतानं ठेवतं जणू दुसऱ्याचं बाळ सांभाळायला दिलंय. मी विचारते, या राजवाड्यात कोण राहतं? उत्तर येतं, मॅडम, सेल बदलावा लागेल.

यंदा वर्गात एक मुलगी आली आहे. गावाबाहेर तिच्या घरचा भाजीचा मळा आहे. विहीर तिच्या वडलांची आणि दोन काकांची सामायिक, कोणी कोणत्या दिवशी मोटर लावायची याचं पाळीचं पत्रक मोटरीच्या खोलीत टांगलेलं असतं. हे तिनं मला नंतर सांगितलं. तिनं वाचलेल्या पुस्तकात टेकडीखाली एक राक्षस झोपलेला असतो, तो उठला तर गाव संपणार, म्हणून रोज संध्याकाळी एकेका घरानं जाऊन त्याला अंगाई म्हणायची. या पोरीनं काय आणावं? अंगाईच्या पाळीचं पत्रक. सिमेंटच्या पोत्याच्या खाकी कागदावर पट्टीनं आखलेलं, पेन्सिलीनं भरलेलं. दिवस, घर, कोण गायलं, शेरा. सुताराचं घर: म्हातारी गायली, आवाज बसला, राक्षस कुशीवर वळला. कुंभाराचं घर: लग्नाला गेले, शेजाऱ्यांनी निभावलं, पण सूर वेगळा, दोन भिंती पडल्या. असं करत करत शेवटची ओळ: आज कोणाचीच पाळी नाही, पोरगी आपल्या मनानं गेली. बाई, मी ते स्टाफरूममध्ये वाचलं आणि मला उठून बाहेर व्हरांड्यात जावं लागलं.

ते मी शाळांच्या स्पर्धेसाठी निवडलं. आमच्या मुख्याध्यापिकांनी कागद दोन बोटांनी उचलला. म्हणाल्या, हे फोमशीटवर छापून घ्या, टेकडी करा, राक्षस करा, त्या कोपऱ्यावरच्या दुकानात एका दिवसात होईल. मी नाही म्हटलं. त्यांनी समजावलं, मी ऐकलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या तत्त्वापायी पोरीचं नुकसान करू नका." मी म्हटलं, जाईल तर असंच जाईल, नाहीतर जाणारच नाही. ते सगळं त्यांना नव्हतं, तुम्हाला होतं.

आणि ते तसंच गेलं. मुलीचे वडील बघायला आले होते. त्या दिवशी पाण्याची पाळी त्यांची होती, ती भावाला देऊन, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, आणि टेबलाजवळ उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला शेवटची ओळ बोट ठेवून दाखवत होते. परीक्षक दोघे. ते दिव्याच्या राजवाड्यापाशी थांबले, ज्याचा जुळा भाऊ दोन टेबलं सोडून दुसऱ्या शाळेच्या नावानं उभा होता. तेही त्यांना दिसलं नाही. आमच्यापाशी आल्यावर एकानं विचारलं, वस्तू कुठाय? पत्रक म्हणजे वस्तू गुंडाळून आणलेला कागद असं समजून त्यावर पाण्याची बाटली ठेवली आणि पुढे गेले. मी मागे धावले, सांगायला लागले, तर म्हणाले की मॅडम, मांडणीला पण गुण असतात. वडलांनी बाटली उचलली आणि कागदावरचं ओलं गोल शर्टाच्या बाहीनं टिपलं. मग ते तिथूनच मळ्यावर परत गेले.

परत येताना ऑटोत मुलगी माझ्या शेजारी बसली होती. मी परीक्षकांवर तोंडसुख घेत होते, त्यांना वाचता येत नाही, तुझं काम सगळ्यात चांगलं होतं, वगैरे. ती बाहेर बघत होती. मग तिनं विचारलं, रागानं नाही, खरंच माहिती हवी असल्यासारखं,

"मॅडम, तुमी थोडंसं नीट करून देल्लं असतं, तं माहा नंबर लागला असता न?"

मी म्हटलं, नंबर महत्त्वाचा नसतो गं. माझाच आवाज मला ऐकू आला आणि शरम वाटली. हे वाक्य ज्यांना नंबर मिळालेला असतो तेच म्हणतात. तिनं मान हलवली आणि शांतपणे म्हणाली की पुढच्या वेळी मी सारांशच लिहून देते. मी हात लावला असता तर ते तुमच्यासारखं झालं असतं. नाही लावला तर हे झालं. मधला काही रस्ता असेल तर तो तुम्ही मला शिकवायला हवा होता, बाई, तुम्ही माझ्या बाई होता.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट मी आईला सांगितली नाही, कोणालाच सांगितली नाही. त्या दिवशी कप घेऊन मी सरळ घरी गेले नाही. बाजारातून लांबचा वळसा घेतला, कप दप्तराबाहेर हातात धरून, जास्तीत जास्त लोकांना दिसावा म्हणून. फुलांच्या दुकानातल्या काकूंनी थांबवून विचारलं, कायचा व कप? मी म्हटलं, मी पृथ्वी केली होती. पूर्ण मी केली, म्हटलं.