सशाच्या सालातला माणूस

सुजौ, ६ एप्रिल १९९१

ती. आत्यास,
पेइलानचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं मुळ्याचं लोणचं पोचलं. रेशीम गिरणीतल्या आम्ही पाचजणींनी तीन दिवसांत बरणी चाटूनपुसून साफ केली.

वनशानशी मी बोलणं टाकलंय. भरतकामाच्या नक्ष्या काढणारा, तोच. सशाच्या सालात जन्मलेला, म्हणजे स्वभावानं मवाळ, म्हणून मला केवढं कौतुक होतं त्याचं! आवाज कधी चढत नाही, सदऱ्याला सुरकुती नाही, आल्यागेल्याच्या हातात न मागता चहा. पण त्याची आई शेजारणीशी भांडायला लागली की हा सोयासॉस आणायला बाहेर. घरात अकरा बाटल्या साठल्यात! दोन वर्षं झाली, आईला माझं नावही सांगितलेलं नाही. का, तर मी कोंबड्याच्या सालातली, आणि सशाचं-कोंबड्याचं जन्माचं वाकडं. गेल्या रविवारी आईनं त्याला बकरीच्या सालातली मुलगी बघायला नेलं, तर हा गेला! विचारलं तर म्हणतो, नाही म्हटलं असतं तर आईला वाईट वाटलं असतं. आणि मला? महिनाअखेरची मुदत दिलीय. नाहीतर आमचे रस्ते वेगळे.

रडत नाहीये, पत्रावर चहा सांडलाय.

तुझी,
पेइलान


यांगजौ, ११ एप्रिल

चि. पेइलान हिस,
अनेक आशीर्वाद.

चहा खारट होता वाटतं? अगं, तुझे आतोबाही सशाच्याच सालातले होते. साहेबानं त्यांना लांब बदलीवर धाडायचं ठरवलं, तेव्हा मी म्हटलं, जा आणि चांगलं खडसावून या. ते नुसते हसले. महिनाभर साहेबाच्या म्हाताऱ्या बापाशी बुद्धिबळ खेळले, आणि बदली रद्द झाली. असली माणसं समोरून येत नाहीत, बांधाच्या कडेकडेनं येतात. पण तुझा येतो की नाही, ते बघायला हवं. मवाळ आणि पळपुटा यांत फरक असतो. मुदत दिलीस ते बरं केलंस. तोवर आरवू नकोस.

जेवणाची हेळसांड करू नये.

तुझी आत्या


सुजौ, २८ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वनशाननं आईला चक्क पत्र लिहिलं! एकाच घरात राहून! तांदळाच्या डब्यात ठेवलं. आईला वाचता येत नाही, म्हणून ती ते घेऊन खालच्या निवृत्त पोस्टमनकडे गेली. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते बेंबीच्या देठापासून वाचतात. सगळं अंगण गोळा झालं. त्यात लिहिलं होतं की, त्या मुलीची मी माफी मागून आलोय, मला पेइलानशीच लग्न करायचंय, ती कोंबड्याच्या सालातली असली तरी. तू नको म्हणालीस तर भांडणार नाही, पण दुसरीशी लग्नही करणार नाही.

वनशान तेव्हा नळावर पाणी भरत होता. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला, पण पळाला नाही. बादली ठेवून उभा राहिला. आईनं सगळ्यांदेखत विचारलं, ती कोंबड्याच्या सालातली ना रे? तो हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, हो, तीच.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. आईनं मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाल्या, अठ्ठावीस वर्षांत पोरानं तोंड उघडून काही मागितलं ते हे पहिलंच, नाही कशी म्हणू? मग माशात साखर किती घालावी यावरून आम्ही तासभर भांडलो. त्या खुशीत म्हणाल्या, या घरात मला उलट उत्तर देणारं कुणीच नव्हतं गं.

तुझीच,
पेइलान


सुजौ, ५ मे

ती. आत्याबाईंच्या सेवेशी,
वनशानचा शि. सा. न.

आपली प्रकृती चांगली असेल, अशी आशा आहे. इकडे हवा छान आहे. यंदाचा वसंतातला चहा फार सुरेख उतरलाय. पाव किलो वेगळा पाठवतोय. पाणी उकळतं घालू नये, थोडं निवू द्यावं. यांगजौला पाऊस कसा आहे? आपल्या गुडघ्यांना जपावं.

आपला,
वनशान

ता. क. पेइलानला आईवडील नाहीत, म्हणून आपल्यालाच विचारायचं होतं. हे पत्र मी चार वेळा लिहिलं, चारही वेळा चहावरच संपलं. मी तिला मागणी घालतोय. आपण नाही म्हणालात, तर यांगजौला येऊन पुन्हा विचारीन.