उशाजवळचा कप्पा

बेनमोर तळ्याकाठून,
एप्रिल

प्रिय रेविन,

बिछान्याची फळी मी केली. तिच्या बिजागऱ्या मी बसवल्या आणि त्या कुरकुरू नयेत म्हणून प्रत्येकीखाली चामड्याची चकती घातली, माझ्या जुन्या कमरपट्ट्यातून कापलेली. शेगडीखालचे खण, सरकती दारं, छताला आतून लावलेलं लोकरीचं अस्तर, बॅटरीची पेटी आणि तिच्यातून निघणारी एकूण एक तार, खिडक्यांच्या बारीक जाळ्या, मागच्या दाराची घडीची पायरी, जमिनीतून खाली टाकीत जाणारी नळी, आणि तुझ्या उशाजवळचा मशीनचा कप्पा. हे सगळं या दोन हातांचं. इंजिन आणि पत्रा तेवढा दुसऱ्यांचा. तू लिहितेस, आता गाडी विकून टाक, कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. म्हणून म्हटलं, विकायचं म्हणजे नेमकं काय काय विकायचं ते आधी नीट मांडावं. तुला माझ्या मोजमापांचा कंटाळा येतो हे ठाऊक आहे. तरी वाच.

तुझ्या किडन्या गेल्या आणि ते डायलिसिसचं मशीन घरी आलं, तेव्हा तू काय म्हणाली होतीस ते मी विसरलेलो नाही. रोज रात्री पोटातल्या नळीला मशीन जोडायचं, ते रात्रभर पाणी आत सोडणार आणि बाहेर काढणार, सकाळी सुटका. तू आपल्या टिमारू गावातल्या घरात खिडकीशी बसून म्हणालीस की दावणीला बांधलेल्या गाईलासुद्धा दिवसातून दोनदा मोकळं सोडतात. दुसऱ्या दिवशी मी गाड्या बघायला लागलो. क्राइस्टचर्चच्या त्या विक्रेत्याने आपल्याला पांढरी लांबलचक बस दाखवली होती, आठवतं? आत सोफा, आरसे, राणीसारखा पलंग. मी टेप काढून मोजत होतो आणि तो मागे मागे फिरत म्हणत होता, साहेब, छापील माहितीत सगळं दिलंय. छापील माहितीत पलंग दोन बोटं जास्त लांब होता. तू मात्र पायरीवरच थांबली होतीस. तुला तेव्हा तीन पायऱ्या चढायला दम लागायचा. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, “नेव, मला एवढं धूड नको. मला स्वतःला चालवता आली पाहिजे. आणि लोकांना आजारी बाई दिसता कामा नये, सहलीला निघालेली बाई दिसली पाहिजे.”

मग मी लहान गाडीच शोधली. ॲशबर्टनच्या फुलवाल्याची ती व्हॅन. पहिला उन्हाळाभर तिला लिलीचा वास येत होता आणि तुझी बहीण म्हणायची, “काय नेव, मयताची गाडी घेतलीस का?” गेलीनला असले विनोद सुचतात. मी शेडमध्ये खपत होतो तेव्हा ती दारात चहाचा कप घेऊन उभी राहायची आणि विचारायची, गाडी बांधतोयस की दवाखाना? मी करवत चालवत राहायचो. खरं उत्तर असं होतं की दवाखाना दिसणार नाही असा दवाखाना बांधतोय, आणि ते गाडी बांधण्यापेक्षा फार कठीण काम आहे. मी पंधराव्या वर्षी शाळा सोडली. इन्व्हर्टर म्हणजे काय, मशीनला कसली वीज चालते आणि कसली चालत नाही, हे मला कुणी शिकवलं नाही. एका हिवाळ्यात वाचून शिकलो. दोन बॅटऱ्या जाळल्या, तिसरी अजून चालू आहे.

बिछाना आडवा टाकायचा हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं, नाहीतर लहान गाडीत उभं राहायला जागाच उरत नाही. गाडीची आतली रुंदी तुझ्या उंचीला बरोबर पुरली, डोक्याशी चार बोटं आणि पायाशी दोन. मला ती वीतभर कमी पडते. तू म्हणालीस, भिंतीत पायांसाठी खोबण कर. करता आली असती, पण मग बिछाना पुढे जाऊन कप्पा मागे राहिला असता आणि तुझी नळी ताणली गेली असती. मशीन बिछान्याच्या पातळीलाच हवं, ना वर, ना खाली. म्हणून मी गुडघे मोडून झोपलो, सहा वर्षं. तक्रार नाही करत, नोंद करतोय. आणि गाडी सपाट उभी करणं. संध्याकाळी कुठेही पोचलो की मी आधी पाणसळ काढायचो आणि चाकांखाली लाकडी पाचरी सारत बसायचो, बुडबुडा मधोमध येईपर्यंत. वानाकाला तो इन्व्हरकार्गिलचा म्हातारा आपल्या भल्या मोठ्या बसच्या सावलीत बियर पीत ओरडला होता, “काय राव, आत बिलियर्ड खेळणार आहात का?” तू खिडकीतून डोकं काढून म्हणालीस, “रोज खेळतो. रोज हाच हरतो.” तो म्हातारा इतका हसला की बियर नाकात गेली. नंतर त्याने आपल्याला व्हाइटबेटची, त्या बोटभर माशांची, धिरडी आणून दिली. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की तू आजारी आहेस.

मला ते दिवस वाईट वाटत नाहीत, रेविन. तुला वाटतात, हे तू मला फार उशिरा सांगितलंस. हास्टला बाहेर चिलटांचे ढग आणि आत आपण, खिडक्या बंद, पंखा बंद, दोघांच्या तोंडाला मास्क, मशीन जोडण्याआधी मी तुझे हात कोपरापर्यंत धुऊन देतोय. आर्थर्स पासच्या घाटात केआ पोपटांनी खिडकीचं रबर ओरबाडून काढलं आणि तू नळीसकट उठून बसलीस, काचेवर चापट्या मारत त्यांना शिव्या घातल्यास, तशा शिव्या मी कामाला होतो त्या मांसाच्या कारखान्यातसुद्धा ऐकल्या नव्हत्या. मी पहाटेच नवं रबर बसवलं. सहा वर्षांत नळीवाटे तुला एकदाही पोटात जंतुसंसर्ग झाला नाही. त्या बारीक जाळ्यांचं हे काम आहे, आणि पुसलेल्या प्रत्येक फळीचं. रात्री मशीनची ती घरघर सुरू झाली की मला शांत झोप लागायची. घरघर चालू म्हणजे तू चालू. तुला त्याच आवाजात झोप लागत नव्हती, आणि तू अंधारात डोळे उघडे ठेवून पडून असायचीस. हे मला माहीत नव्हतं. तू सांगितलं नाहीस तर मोजणार कशाने?

मग गेलीनने तुला किडनी दिली. त्याआधी मी तपासून घेतलं होतं, माझी जुळली नाही. एवढी एकच वस्तू मला करून देता आली नाही. आणि जिला भिंतीत सरळ खिळा ठोकता येत नाही ती हसत हसत टेबलावर जाऊन झोपली आणि देऊन आली. मी तिचे आभार मानले, चांगल्या शब्दांत मानले. तू म्हणालीस की मी आभार मानताना कुणाची तरी पाना-पक्कड परत करतोय असा दिसत होतो. असेन.

तू बरी झालीस तेव्हा वसंत होता. मी गाडी धुतली, अस्तर उन्हात वाळवलं, टायर बदलले. आता मशीन नाही, पाण्याचे खोके नाहीत, वाटेल तिथे जाऊ, वाटेल तेव्हा झोपू. तू पिवळं जाकीट घालून अंगणात आलीस. गालांवर रंग होता. इतक्या वर्षांत मी तो रंग विसरून गेलो होतो. तू आत डोकावलीस आणि कप्प्यावर हात ठेवलास. रिकामा होता, पुसलेला. तू म्हणालीस, “हा अजून का ठेवलायस?”

मी म्हटलं, “असू दे. लागलं तर.”

एवढंच. मी याहून एक शब्द जास्त बोललो नाही, आणि जे बोललो ते चूक नव्हतं. डॉक्टरांनी आपल्या दोघांसमोर सांगितलं होतं की किडनी छान बसलीय, पण दिलेली किडनी जन्मभराची नसते. दहा वर्षं, पंधरा, कुणाला जास्त, कुणाला कमी. तू खिडकीबाहेर बघत होतीस, मी ऐकत होतो. मी इंजिनचा जादा पट्टा बाळगतो, जादा फ्यूज बाळगतो, म्हणजे पट्टा तुटावा असं मला वाटतं का? तू कप्प्यावरचा हात काढलास, आणि म्हणालीस की तुला त्यात रंगांच्या नळ्या आणि ब्रश ठेवायचे होते. मी म्हटलं, त्यासाठी वरचा खण आहे.

तू आलीस तरी माझ्यासोबत. ओकारिटोच्या किनाऱ्यापर्यंत. तिसऱ्या संध्याकाळी मी पाणसळ काढून पाचरी सारत होतो, सवयीने, आणि तू खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होतीस. मग तू शांतपणे म्हणालीस, “नेव, मी बरी झालेय. तुझ्या या गाडीत बरी झालेली बाई मावत नाही.” मी वर बघितलंसुद्धा नाही. बुडबुडा अजून मधोमध आला नव्हता. दुसऱ्या दिवशी तुला बसथांब्यावर सोडलं. तू बॅग घेतलीस, गेलीनकडे नेल्सनला गेलीस, आणि घर विकायला निघालं.

आता नेल्सनला तुझी बाग आहे, टोमॅटो आहेत, चर्चमधलं गाणं आहे. तू पाठवलेल्या फोटोत सायकल घेऊन उभी आहेस. किडनी वॉर्डात दर गुरुवारी नव्या लोकांशी बोलायला जातेस, हेही कळलं. छान आहे. मी वर्षभर गाडीतच राहतो. गाड्यांच्या तळावर कुणाचा पंप बिघडतो, कुणाची गॅसशेगडी, ती दुरुस्त करून देतो, पोटापुरतं मिळतं. लहान गाडीत राहायचं म्हणजे एक वस्तू काढल्याशिवाय दुसरी निघत नाही, आणि पहिली जागेवर ठेवल्याशिवाय चहा होत नाही. मला ते जमतं. बिछान्याखाली उरलेलं प्लायवूड अजून पडून आहे. आता नळीचा प्रश्न नाही, एका दुपारीत भिंतीत खोबण होईल आणि पाय लांब करता येतील. केलेली नाही. गुडघे मोडूनच झोपतो.

हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते आता लिहितो, कारण ते लोक तुला फोन करतीलच, त्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं. तू पाठवलेले ते नवरा-बायको, हेमी आणि मरामा, शनिवारी येऊन गेले. ब्लफहून आले, माझ्यासाठी बादलीभर कालवं बर्फात घालून. हेमी चांगला माणूस आहे. त्याने बिजागरीखालची चकती स्वतःहून ओळखली, आजवर कुणी ओळखली नव्हती. मरामा बिछान्यावर आडवी झाली. बरोबर मावली, डोक्याशी चार बोटं, पायाशी दोन. हेमीने मरामाचं मशीन आणून कप्प्यात सरकवलं आणि ते आत गेलं, जसं तुझं जायचं. तिची आई उत्तरेला गिझबर्नच्या पुढे आहे, थकली आहे, जूनमध्ये थंडी सुरू व्हायच्या आत मरामाला तिच्याकडे जायचंय. मी म्हटलं, दुसरी व्हॅन आणा, अशीच करून देतो, सप्टेंबरात, वसंतापर्यंत होईल. हेमी म्हणाला, आई वसंतापर्यंत नसेल. मग त्याला वाटलं मी भाव वाढवतोय, आणि त्याने आकडा वाढवला. मरामाने मात्र मशीनवरचा हात काढून मला विचारलं, “रेविन परत येणार आहे का?” मी म्हटलं, दिलेली किडनी जन्मभराची नसते. ती बिछान्यावरून उतरली. मग हेमीला म्हणाली, “चल. मशीन काढ आपलं.” कालवांची बादली ते इथेच ठेवून गेले. कप्पा मी पुसून ठेवला आहे. जायच्या आधी हेमीने आपली होडीसुद्धा विकतो म्हणून शेवटचा आकडा सांगितला. बासष्ट हजार डॉलर, रोख. मी नाही म्हणालो.

तुझाच,
नेव्हिल