पुलाखालचे फलाफल

नेर, बुधवार, सायंकाळ.

आई दोन दिवस जेवली नाही, असे चिरंजीवांनी मुंबईहून डॉक्टरांना कळवले. ते चूक आहे.

माझ्या आजारी पत्नीला, सुमतीला, दादरच्या पुलाखाली खाल्लेले फलाफलच हवे. कापसाच्या भावासाठी रस्ता अडवलेला, एसटी बंद. मुंबई गाठू कशी? चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, भिजवलेले छोले वाटून वडे तळा." घरी हरभऱ्याची डाळच होती. ती वाटली आणि गोळे सवयीने भातात वाफवले.

सुमती हसली. "अवो, हा तं आपला गोळाभातच झाला!"

"पुलाखाली नेईन तुला."

"कवा?"

मी घास तिच्यापुढे धरला.

डॉक्टरांसाठी अचूक नोंद: रविवारी अर्धी भाकरी. सोमवारी ताक. मंगळवारी केवळ पाणी. आज एक घास. तोही माझे मन राखण्यासाठी.